जपानचं मेंढरू आणि पासलीतली सुपारी

"पासलीत आज एकही माणूस जागचा हलणार नाही, बघच तू!" केशवरावांनी प्रोजेक्टर गोधडीत गुंडाळता गुंडाळता जाहीर केलं. "पाच वर्षांचं पोर आणि पंचाहत्तरीची म्हातारी शेजारी शेजारी बसून एकाच जागी रडतील! जपानी कला आहे ही!"

सरोजताई डब्यात पुऱ्या भरत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "सुपारीच्या दिवशी पाहुण्यांना रडवणार? छान. आणि कला कसली, कार्टूनच ना ते?"

"ॲनिमेशन!"

"म्हणजे हलणारं कार्टून."

"आई, नको ना छेडूस," सई म्हणाली. सई अकरावीत होती आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिच्याकडेच जात होतं. दोन वर्षांपूर्वी ती एक जपानी चित्रपट बघत असताना केशवराव तिला रागवायला म्हणून खोलीत गेले. "अभ्यास सोडून चित्रं कसली बघतेस?" एवढं म्हणून ते पलंगाच्या कडेला टेकले. तासाभराने सरोजताई बघायला गेल्या तर सई बापाची पाठ थोपटत होती आणि केशवराव उशीच्या अभ्र्याला डोळे पुसत म्हणत होते, "तो म्हातारा कोळी एकटाच राहिला गं!"

त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. केशवराव भोरच्या जनावरांच्या दवाखान्यात वरिष्ठ लिपिक. तालुक्यातली सगळी जनावरं त्यांच्या टेबलावरून जायची, पण कागदावरून! प्रत्यक्ष जनावर त्यांनी लांबूनच पाहिलेलं. आता तिथे चहाच्या वेळी नवा विषय सुरू झाला. "त्या एका ढगासाठी चित्रकार महिनाभर बसला होता, महिनाभर!" केशवराव सांगत. शेजारचा शिपाई शांतपणे म्हणे, "साहेब, आपल्याकडं रस्त्यासाठी बी कुणी एवढं बसत न्हाई." कचेरीत कुणालाच कलेची जाण नव्हती. घरात बायकोला नव्हती. केशवरावांना प्रेक्षक हवा होता, आणि माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की ती समोरून चालत येते आणि मग त्याच्या मानगुटीवर बसते.

चालत आला तो म्हादू. पासलीच्या वरच्या अंगाला त्याची वस्ती. मेंढरं, चार शेळ्या, बायको कोंडाबाई आणि लेक वर्षाराणी. लसीच्या कामाला तो कचेरीत आला आणि म्हणाला, "साहेब, शनवारी पोरीची सुपारी हाय. मुलाकडची भोंगवलीस्नं येत्याती. तुमी बी या."

सुपारी फुटली म्हणजे लग्न पक्कं, हे केशवरावांना माहीत होतं. पण त्यांच्या कानात शिरली ती येणारी माणसं.

"किती माणसं जमतील, म्हादबा?"

"आसतील की साठ-सत्तर."

"सुपारी किती वाजता?"

"दिस मावळताना. दुपारी बसून ऱ्हायाचं गप्पा हाणत."

"गप्पा कशाला? मी पडदा घेऊन येतो!"

तर अशी ती वरात निघाली. मागच्या सीटवर सई, पुऱ्यांचा डबा आणि गोधडीतला प्रोजेक्टर. घाटाच्या प्रत्येक वळणाला केशवराव मागे वळून विचारत होते, "बरा आहे ना?" सईला वाटलं आपल्याला विचारतायत. ती दोनदा "हो" म्हणाली, मग तिच्या लक्षात आलं आणि ती फुगून बसली.

पासलीच्या समाजमंदिराला खिडक्या आठ आणि पडदा एकालाही नाही. पण वस्तीवरच्या बायकांनी घोंगड्या आणल्या आणि भर दुपारी आत असा अंधार केला की म्हादूला स्वतःची बायको आवाजावरून शोधावी लागली. वासाचं म्हणाल तर, सत्तर माणसं आणि आठ घोंगड्या! सरोजताईंनी पदर नाकाला लावला. केशवराव मात्र खोल श्वास घेऊन म्हणाले, "वातावरण तयार झालंय!"

पहिल्या रांगेत मुलाकडची मंडळी. मध्ये नवरदेवाचे चुलते माउली आप्पा. अंगाने आडवे आणि मिशा अशा की त्यांच्यावर दोन्हीकडे चिमण्या बसाव्यात. त्यांच्या शेजारी नवरदेव भैरवनाथ, म्हणजे नाथा, मान खाली घालून. तो आणि वर्षाराणी वेल्ह्याच्या बाजारात दोन वर्षं एकमेकांकडे बघत होती आणि आता घरच्यांनी ठरवलंय असं दाखवत होती. आप्पांच्या मनात मात्र किकवीची एक मुलगी होती, त्यांच्या मेव्हण्याची. ते इथे आले होते तेच काही खोट निघते का बघायला. हे सगळ्या पासलीला ठाऊक होतं, फक्त केशवरावांना नव्हतं. कलावंत माणूस!

चित्रपट सुरू झाला. काझुए नावाची एक मुलगी डोंगरातल्या खेड्यात राहते, बाप शहरात. ती एक पोरकं कोकरू बाटलीच्या दुधावर वाढवते. केशवराव पडद्याशेजारी उभे राहून खालच्या इंग्रजी ओळी मराठीत सांगत होते. याला नुसतं चित्र म्हणू नका, अशी ताकीद त्यांनी सुरुवातीलाच देऊन ठेवली होती. कोंडाबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत काझुएची काशी करून टाकली.

"आता हे गवत बघा!" केशवराव कुजबुजले. "नुसतं हलणारं गवत. कुणी बोलत नाही. हीच तर गंमत आहे!"

त्यांना वाटलं होतं लोक कंटाळतील. लोक पुढे सरकले.

"गवात लई ब्येस हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"कुणाचं रान म्हनायचं?"

"आन असल्या रानात येकच मेंढरू? बाकीची कुठं हायती?"

"गप ए! पोरकं हाय ते. साहेबांनी सांगितलं न्हवं?"

काशीने कोकराला बाटली लावली तेव्हा बायकांनी चुकचुक केलं. कोकराच्या गळ्यात तिने घंटी बांधली तेव्हा कोंडाबाई म्हणाल्या, "शानी पोरगी." काशीच्या आजीने पडद्यावर चहा ओतला तर दोन म्हाताऱ्या "आमाला बी" म्हणून हसल्या. मांडीवरची पोरं गप्प आणि म्हातारे टक लावून! केशवरावांनी अंधारातच बायकोच्या दिशेने विजयी नजर टाकली. ती भिंतीवर पडली, पण टाकली.

मग डोंगरावर धुकं उतरलं. पांढरं, दाट, हळूहळू. काशीने हाक मारली. कोकरू नव्हतं. ती पळत सुटली. घंटी कुठेतरी खाली वाजली, मग वर वाजली, मग वाजेना. सत्तर माणसांनी श्वास धरला.

आणि गावाबाहेरच्या डीपीत धाडकन आवाज झाला!

पडदा काळा. पंखे बंद. कुणी काहीच बोललं नाही, कारण सगळ्यांना वाटलं, धुकं आणखी वाढलं.

"लाईट गेली," सई म्हणाली.

वायरमनला फोन लागला. तो म्हणाला, उद्या बघतो. केशवराव हळहळले, पण मनातून खूश होते. काय मोक्याच्या जागी तुटलाय चित्रपट! ते टाळ्या वाजवत म्हणाले, "चला मंडळी, उरलेलं पुन्हा कधीतरी! आता सुपारी फोडून घेऊ!"

एकही माणूस जागचा हलला नाही. अगदी त्यांनी सकाळी म्हटलं होतं तसंच.

"सुपारी?" कोंडाबाई उठून उभ्या राहिल्या. "मेंढरू हारवलंय न्हवं?"

आता इथे म्हादूच्या वस्तीचा रिवाज सांगायला हवा. दिवस मावळताना मेंढरं परतली की मोजणी होते, आणि मोजणीत एक जरी कमी भरलं तरी त्या घरात त्या दिवशी शुभ काम होत नाही. आधी शोध, मग बाकीचं. वर्षाराणीच्या आत्याचं लग्न एका शेळीपायी चार दिवस पुढे गेलं होतं.

"मावशी, ते जपानमधलं आहे हो!" केशवराव म्हणाले.

"मंग? जपानचं म्हून काय त्येला लांडगा खात न्हाई?"

"चित्रातलं आहे!"

"तुमीच म्हनला न्हवं का, निस्तं चित्र म्हनू नका?" म्हादूने आठवण करून दिली. तो फार सरळ माणूस होता.

"साहेब, तुमी बगितलंय नव्हं समदं?" कोंडाबाई जवळ आल्या. "मंग सांगा की. घावतंय का न्हाई?"

आणि इथे केशवराव अडकले. शेवट सांगणं म्हणजे पाप, हा एक भाग. दुसरा भाग जास्त वाईट होता. या चित्रपटाला शेवटच नव्हता! म्हणजे होता, पण कोकरू सापडलं की नाही हे त्यात सांगितलेलंच नव्हतं. तोच तर त्यांना सगळ्यात आवडायचा. कचेरीत या शेवटावर त्यांनी तीन चहा थंड केले होते.

"ते... तसं सांगता येणार नाही," ते म्हणाले आणि घाम पुसला.

माउली आप्पांनी ते अचूक टिपलं. "बगा त्यांचं त्वांड! मेलंय ते मेंढरू! आन हितं आमच्या पोराची सुपारी फोडायची? आसल्या अपशकुनात? नाथा, ऊठ. आपुन किकवीवरनं जाऊ, मेव्हण्याकडं च्या घिऊ."

नाथा उठला नाही. पण बसलाही धड नाही. अर्धवट वाकून तो खिडकीकडे बघत राहिला. खिडकीजवळ वर्षाराणी होती. ती सरळ केशवरावांकडे आली. हिरवी साडी, डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत.

"काका, आप्पा च्या प्याया किकवीला गेलं तर निस्त्या च्यावर भागायचं न्हाई. काय बी करा. त्ये मेंढरू आजच्या आज घावलं पायजे."

"अगं, पण लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर दाखवू? धुक्याचा पोत दिसणार नाही!"

"म्हंजी ह्याच्यात दिसतंय?" वर्षाराणीने विचारलं.

"चार्जिंग आहे ना त्यात, बाबा," सई म्हणाली.

"पोत!" केशवराव केविलवाणे म्हणाले.

"अहो," सरोजताई पहिल्यांदाच बोलल्या, "पोरीचं लग्न मोडतंय."

लॅपटॉप स्टुलावर ठेवला. त्याच्याभोवती सत्तर माणसं अशी गोळा झाली जशी एका वासराभोवती गोचिडं. स्पीकर बंद, त्यामुळे आवाज डासाएवढा, आणि एकमेकांना गप्प करण्याचा आवाज मोर्चाएवढा. मागच्यांना दिसेना, म्हणून पुढे बसलेले आप्पा मानाने बातम्या देऊ लागले.

"काशी डोंगुर चढतीया! पाय घसरतोय तिचा. मेंढराचं काय खरं न्हाई."

"तुमी निस्तं दिसतंय त्ये सांगा!" मागून कोंडाबाई ओरडल्या.

"दिसतंय त्येच सांगतूय! धुकं. आजून धुकं. आता काशी टेकाडावर उभी हाय. हाक मारत न्हाई. निस्ती उभी हाय."

घंटी वाजली. एकदाच, बारीक. सगळं समाजमंदिर एका क्षणात असं शांत झालं की ती मागच्या रांगेलाही ऐकू आली. पडद्यावरच्या काशीने मान वळवली, हसली, आणि काळ्या पडद्यावरून जपानी अक्षरं वर सरकू लागली.

"म्होरं?" आप्पा म्हणाले.

"संपला," केशवराव म्हणाले.

"आन मेंढरू?"

"तेच तर सौंदर्य आहे, आप्पा! कलाकार सांगत नाही. प्रेक्षकाने ठरवायचं!"

हे वाक्य त्यांनी आयुष्यात शंभरदा टाकलं होतं. पण आजवर कुणी ते इतकं मनावर घेतलं नव्हतं.

"आमी ठरवायचं?" म्हादूने खात्री करून घेतली. "मंग बैठक लावू की!"

बैठक बसली! एका बाजूला पासली, दुसऱ्या बाजूला भोंगवली, मध्ये बंद पडलेला लॅपटॉप.

"घंटी वाजली. काशी हासली. म्हंजी घावलं!" कोंडाबाईंनी मांडलं.

"घंटी लांडग्याच्या तोंडात बी वाजती," आप्पा म्हणाले.

"मंग ती हासली कशापायी?"

"येड लागलं आसंल."

"आमच्या काशीला येडी म्हनायचं न्हाई!" पासलीची बाजू एकदम उसळली. आमच्या काशीला! तासाभरापूर्वी आलेली पोरगी, पण आता ती गावची होती. भोंगवलीवाले म्हणाले, "आमी तिला येडी म्हनलो न्हाई, मेंढरू मेलं म्हनलो." एक म्हातारा म्हणाला, मेंढरू जिवंत आहे पण लंगडतंय. त्याला दोन्ही बाजूंनी गप्प केलं. बाहेर दिवस कलला. नाथा आता आप्पांच्या बाजूच्या अगदी कडेला, म्हणजे जवळजवळ पासलीत बसला होता.

"साहेबांनी निवाडा द्यावा!" कुणीतरी म्हणालं. "शिनिमा त्येंनी आनलाय."

सत्तर चेहरे वळले. केशवरावांनी घसा साफ केला. "हे बघा, खऱ्या कलेत उत्तर नसतं. प्रश्न असतो. धुकं म्हणजे आपल्या मनातली..."

वर्षाराणी त्यांच्याकडे बघत होती. बघत होती म्हणजे, तशी बघणारी मेंढपाळाची मुलगी असेल तर लांडगा माघारी जाईल.

"...सापडतं," केशवराव म्हणाले.

"कुठं? आमाला तर दिसलं न्हाई."

"दुसऱ्या भागात."

सईने डोळे मिटून घेतले.

"दुसरा भाग हाय व्हय?" कोंडाबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजी मोजनी पुरी भरली! अवो, आना ती सुपारी!"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. माणूस हरला होता, पण चिवट होता. "सुपारी फोडा. पर लग्नाची तारीख मेंढरू डोळ्यानं बगितल्याबिगर धरायची न्हाई! फुडल्या आयतवारी आमी येतूय. दावा दुसरा भाग!"

सुपारी फुटली. केशवरावांचं कपाळ तेवढं आधी फुटलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीने वेल्हं ओलांडलं. मग सरोजताई म्हणाल्या, "जपानला फोन लावायचा असेल तर आताच लावा, उशिरा झोपतात का ते?"

"सई," केशवराव हळूच म्हणाले, "तुला चित्रं येतात ना?"

"बाबा, पाच सेकंद हलवायला साठ चित्रं लागतात. आणि माझी चाचणी आहे."

"मी काढतो. तू फक्त ती हलव."

आणि काय सांगावं, आठवडाभर माणसाने खरोखर चित्रं काढली! कचेरीत पाठदुखीची रजा टाकली आणि दिवसभर पाठ दुखेपर्यंत वाकून बसले. पहिल्या दिवशी कोकरू खाटेसारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी खाटेला डोकं आलं. तिसऱ्या दिवशी सरोजताई चहा ठेवायला आल्या आणि चित्राकडे बघत उभ्या राहिल्या.

"त्या चित्रपटातल्या धुक्यासाठी किती दिवस लागले असतील हो त्यांना?"

"तू बघितलास?" केशवरावांची पेन्सिल थांबली.

"अंधारात दुसरं काय बघणार होते?" असं म्हणून त्या गेल्या. मग दारातून परत आल्या. "पण ती आजी बरी होती. चहा ओततानाची." आणि पदराने डोळा पुसत, धूर नसलेल्या स्वयंपाकघरात जाऊन धुरावर रागावल्या.

शुक्रवारी सईने सगळी चित्रं तपासली. "बाबा, याची शेपटी वर कशी?"

"आनंद झालाय त्याला! घरी येतंय!"

"पण कोकराची शेपटी..."

"कलेत सूट असते, सई!"

रविवारी पासलीत लाईट होती, घोंगड्या होत्या आणि गर्दी दुप्पट होती. आप्पा पुन्हा पहिल्या रांगेत. सईने बटण दाबलं.

धुकं. टेकाड. पाठमोरी काशी. ती सईने काढली होती, म्हणून माणसासारखी होती. मग धुक्यातून टुणटुण उड्या मारत, शेपटी थेट आभाळाकडे करून, एक प्राणी आला आणि काशीच्या पायाशी थांबला. समाप्त.

कुणी टाळी वाजवली नाही.

"साहेब," आप्पा सावकाश उठले. त्यांच्या मिशा आनंदाने थरथरत होत्या. "शेपूट वर. म्हंजी हे करडू हाय! शेळीचं! हारवलं हुतं मेंढरू आन घावलं करडू? झाली का फसवणूक? मेंढरू न्हाई घावलं! तारीख न्हाई!"

वर्षाराणी भिंतीला टेकली. नाथा उभाच राहिला.

कोंडाबाई मात्र पडद्याजवळ गेल्या आणि त्या थांबलेल्या चित्राकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. इतका वेळ त्या चित्राकडे खुद्द केशवरावांनीही बघितलं नव्हतं.

"करडूच हाय," त्या म्हणाल्या. "मंग? आप्पा, तुमी मेंढरं राखली का कोंबड्या? मेंढरं आपल्या अकलेनं कंदी घरी येत्यात का? म्होरं शेळी चालती, तिच्या मागनं मेंढरू येतंय. करडू आलं म्हंजी मेंढरू मागं धुक्यात येतंया. काशीला दिसलंय, म्हून तर ती पळत न्हाई, निवांत उभी हाय!"

मग मागून तो म्हातारा ओरडला, "येतंय! लंगडत येतंय!" आणि या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही. पासली उठली, भोंगवली उठली, नाथा तर दोन्हीकडून ओरडला. आप्पांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, धुक्याकडे नीट बघितलं, आणि अगदी नाइलाजाने म्हणाले, "व्हय रं. मागं कायतरी हाय खरं."

तिथे काहीही नव्हतं. रबराने पुसल्याचा डाग होता.

तारीख धरली गेली. जेवणं झाली. केशवराव अंगणात एकटेच बसले होते तेव्हा आप्पा शेजारी येऊन टेकले. मिशीला पीळ देत त्यांनी विचारलं, "साहेब, येक सांगा. त्ये करडू कुनाचं?"

"म्हणजे?"

"म्हंजी काशीकडं तर शेळी न्हाई. मंग करडू कुनाचं तरी चुकूनच आलं आसंल. त्येच्या धन्याला कळवलं का न्हाई कुनी?"

केशवराव हसले. त्यांना वाटलं, आप्पा थट्टा करतायत.

पंधरा दिवसांनी लग्नाची पत्रिका भोरला पोचली. वर गणपती, खाली नवरानवरी, निमंत्रकांत माउली आप्पांचं नाव ठसठशीत. केशवरावांनी चष्मा लावून मोठ्या आवाजात वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीपाशी चष्मा काढून पुसायला घेतला. सरोजताईंनी पत्रिका त्यांच्या हातातून घेतली आणि पुढचं वाचलं:

"हळदीच्या दिवशी दुपारी समाजमंदिरात जपानी शिनिमा भाग तिसरा, करडाचा धनी घावतो. सादर करणार, भोरचे केशवराव साहेब. लहान-थोरांनी अगत्य यावे."

"सई," स्वयंपाकघराकडे जाता जाता सरोजताई म्हणाल्या, "बाबांना टोकदार पेन्सिली आणून दे. आणि या वेळी धनी माणूसच दिसू दे म्हणावं."